भास्करकाका, शालनकाकू आणि कोचाबांबा

बुधवारची प्रार्थना अर्ध्या तासाची आणि नंतरचा चहा दीड तासाचा, ही आमच्या चर्चच्या मंडळीची जुनी पद्धत. पाळकसाहेबांना ती पसंत नाही, पण पहिला कप त्यांनाच लागतो. किस्से जमतात ते या चहात. मुद्दाम कुणी आणत नाही, चपला घालता घालता कुणीतरी "ते ऐकलं का?" म्हणतं आणि घातलेल्या चपला परत निघतात.

मी या मंडळीत पेटी वाजवतो आणि पोटासाठी सोलापुरात सात रस्त्याजवळ चष्म्याचं दुकान चालवतो. दोन्हीकडे माणसं बोलत बसतात आणि मला ऐकावं लागतं. हल्ली मात्र दोन्हीकडे एकच विषय आहे. भास्करकाका आणि शालनकाकू कोचाबांबाला जाऊन आले!

आता हे दोघं कोण ते सांगतो, नाहीतर पुढची मजा कळायची नाही.

भास्करकाका मूळचे केम गावचे. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर झालेत. शालनकाकू मुलींच्या होस्टेलवर मेट्रन होत्या. मोठ्या स्वयंपाकघरात आयुष्य गेल्यामुळे कुणाच्याही घरी पहिला घास घेतला की त्या निकाल देऊन मोकळ्या. "मीठ कमी हाय." नाहीतर "मीठ जास्त हाय." बरोबर आहे असं त्यांनी कुणाला म्हटलेलं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं होतं, आणि आचारी निमूटपणे आला होता.

त्यांची दुसरी ओळख वेगळी. आमच्या वस्तीत कुणी गेलं की त्या घरी चूल पेटत नाही. तिथे पाळकसाहेबांच्याही आधी काकू पोचायच्या, हातात पिठलं-भाकरीचा डबा. घर ख्रिस्ती आहे, हिंदू आहे की मुसलमान, हे त्यांनी कधी बघितलं नाही. जो सगळ्यांत जास्त खचलाय त्याच्या शेजारी बसायच्या, भाकरीचा तुकडा मोडायच्या, पिठल्यात बुडवून त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि गप्प राहायच्या. "देवाची इच्छा" नाही, "सावरा आता" नाही. माणूस तो घास खाईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत.

मग त्यांचा सॅमू गेला. एकुलता एक. टेंभुर्णीजवळ, मोटारसायकलवर. तो माझ्या पेटीला तबल्यावर साथ करायचा. त्या दिवशी गल्लीतल्या घराघरातून काकूंकडे डबे आले, ताटं वाढली गेली, आणि तिथेच सगळं अडलं. काकूंच्या हातावर घास ठेवायचा कुणी? ते काम आजवर त्यांचंच होतं. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. संध्याकाळी डबे भरलेले परत गेले.

तेव्हापासून काकू दुःखाच्या घरी जायच्या बंद झाल्या. मिठाबद्दलही बोलेनात. माझ्या बायकोने, रेखाने, एकदा मुद्दाम बिनमिठाची आमटी पाठवून बघितली. भांडं घासूनपुसून परत आलं, बरोबर निरोप, "लई छान होती." त्या दिवशी रेखा फार रडली.

तर अशा काकू कोचाबांबाला गेल्या.

*

झालं असं, की पूर्वी आमच्या चर्चमध्ये राहून गेलेल्या एका पाहुण्या मिशनरी जोडप्याने पाळकसाहेबांना कळवलं. तिकडे बोलिव्हियात, कोचाबांबा नावाच्या शहरात, तिथली मंडळी गरीब मुलांसाठी दुपारचं जेवणघर चालवते. मोठ्या स्वयंपाकाची सवय असलेलं आणि हाताने दुरुस्त्या करणारं कुणी तीन महिन्यांसाठी मिळेल का?

पाळकसाहेबांनी हे प्रार्थनेनंतर जाहीर केलं. आमच्या खजिनदारांनी घसा साफ केला. "साहेब, आपल्याकडं मिशनरी येत्यात. आपण कुटं जातो?"

मुद्दा बिनतोड होता. पिढ्यान्‌पिढ्या ते येत आले आणि आपण त्यांना हार घालत आलो. उलटं कसं करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. हारसुद्धा आणायचा की मिळायचा, यावर चर्चा सुरू झाली.

तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून काकूंचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला. "तितं आमाला कुणी वळखतं का?"

"कुणीच नाही," पाळकसाहेब म्हणाले. "परंतु प्रभू सर्वांना ओळखतो, आणि..."

"मग जाऊ की," काकू म्हणाल्या.

काकांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या हातातला चहा धोतरावर सांडला होता. ते एवढंच म्हणाले, "पासपोर्टच्या फोटूला टोपी चालती का?"

घरी जाताना रेखा मला म्हणाली, "ओळखत नाहीत म्हणून जातायत. तिथे कुणी त्यांची वाट बघणार नाही ना, डब्याची." मला ते पटलं आणि पटलं म्हणून वाईट वाटलं.

*

बॅगा भरण्याचा सोहळा गल्लीभर झाला. भेट म्हणून सोलापुरी चादरी. प्रवासाला कडक भाकरी, शेंगा चटणी, बेसन. कडक भाकरी म्हणजे पापडासारखी वाळवलेली भाकरी, महिनोन्‌महिने टिकते. काकांनी तिची चळत करून, टॉवेलात बांधून बॅगेत सरळ उभी केली.

वाटेत विमान बदलताना एका मोठ्या विमानतळावर ती बॅग बाजूला काढण्यात आली. गोल, टणक, एकावर एक. अधिकाऱ्याने एक भाकरी उचलली, बोटाने वाजवली, उजेडात धरली. मग काकांकडे बघितलं.

काकांना तिथली भाषा येत नव्हती. त्यांनी त्याच्या हातातून भाकरी घेतली, कडाकड चावली आणि अर्धी त्याच्यापुढे धरली. तो मागे सरकला. त्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. दुसऱ्याने चटणीची पिशवी उघडून नाकाशी नेली आणि त्याला जो ठसका लागला, तो थांबेना.

काकूंनी आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. होस्टेलची सवय. बाकीची रांग खोळंबली. शेवटी पहिल्यानेच बॅगेची चेन लावून दिली आणि हात जोडले. काका सांगतात, "नमस्कार आपल्यासारकाच करत्यात तिकडं." ते हात कशासाठी जोडले होते, हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

सोलापूरच्या मे महिन्यातून निघालेल्या माणसाला थंडी ही गोष्ट आठवत नाही. इथे पंख्याखालीसुद्धा घामाची अंघोळ चालू होती. काकूंनी सगळ्या सुती साड्या घेतल्या. आणि तिकडे तर थंडीचे दिवस! दुपारी ऊन बरं, पण सकाळी दात वाजायचे. शहर डोंगरांच्या मधे, उंचावर. काका दोन जिने चढले की कठड्याला धरून म्हणायचे, "हवा पातळ हाय हितली."

पहिल्या रविवारी दोघं उपासनेला गेले ते भेटीसाठी नेलेल्या चादरी अंगावर घेऊनच. दुसरा इलाजच नव्हता. काकांची लाल, काकूंची हिरवी, मधे मोरांची नक्षी. तिथल्या मंडळीने उठून त्यांचं स्वागत केलं. चादर हा भारतातला उपासनेचा पोशाख असणार, असा सगळ्यांचा समज झाला.

ही चादर पांघरून झोपायची असते हे सांगणार कसं? काका म्हणाले, "जाऊ दे. वाईट तर काय न्हाय म्हणत."

पुढे भेटी वाटल्या. त्याच्या पुढच्या रविवारचा फोटो आमच्या ग्रुपवर आला. चर्चच्या पहिल्या बाकावर पाच-सहा धिप्पाड बायका, डोक्यावर काळ्या टोप्या, पाठीवर दोन वेण्या आणि अंगावर आपल्या सोलापूरच्या चादरी, अगदी गंभीर चेहऱ्याने बसलेल्या. आमच्या खजिनदारांनी तो फोटो चादरवाल्या दुकानदाराला दाखवला. त्याने तो मोठा करून गल्ल्यामागे लावला आहे.

*

जेवणघराची कारभारीण रोसा नावाची बाई. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येतं. काकांनाही कारखान्यातलं येतं, म्हणजे "बोल्ट", "बेअरिंग", "ओव्हरटाइम", आणि काकूंना होस्टेलातलं कामापुरतं. एवढ्यावर संसार चालला.

तिथली मका दळायची चक्की बंद पडली होती. दुरुस्तीला खूलिओ नावाचा म्हातारा मेकॅनिक आला. काका त्याच्या शेजारी जाऊन बसले. हा मराठीत, तो स्पॅनिशमध्ये. सकाळपासून दोघं बोलत होते. काका म्हणायचे, "तसं न्हाय, आदी पट्टा काड की." खूलिओ काहीतरी तावातावाने सांगायचा आणि पट्टा काढायचा. मधेच दोघं भांडले, मधेच एकमेकांच्या खांद्यावर थापा मारल्या.

रोसाला वाटलं, आपण मदत करावी. ती येऊन खूलिओचं म्हणणं इंग्रजीत सांगायला लागली. पाच मिनिटांत दोघांचं काम थांबलं. खूलिओने तिला हाताने जायची खूण केली आणि काकांनीही केली.

दुपारी चक्की चालू झाली. काकांनी बुधवारच्या व्हिडिओ कॉलवर आम्हाला ती दाखवली. म्हणाले, "मदी माणूस आला की गोंदळ व्हतो."

पाळकसाहेब दर रविवारी स्वतःला देव आणि मंडळी यांच्या मधला सेवक म्हणवतात. त्यांनी विषय बदलला.

*

व्हिडिओ कॉलवरून आठवलं. आमची बुधवारची संध्याकाळ म्हणजे त्यांची सकाळ. स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून ठेवलेला असायचा. एकदा काका म्हणाले, "पेटी वाजव, पोरं आल्यात, गाणं म्हणू."

मी पेटी घेतली. पण माझा सूर तिकडे पोचेपर्यंत काका पुढच्या ओळीवर गेलेले असायचे. मी थांबलो की ते थांबायचे, ते थांबले की मी सुरू व्हायचो. इथे सगळे हसून बेजार. मग तिकडच्या पोरांनी आपणहून जेवायच्या टेबलावर ताल धरला, हाताने आणि चमच्यांनी. आणि काय सांगू, बसलं ते! गाणं मराठी, ताल त्यांचा, पेटी माझी.

तबला नसताना माझी पेटी कधी रंगत नाही. सॅमूचा तबला अजून वेदीमागच्या खोलीत खोळीत गुंडाळून ठेवलेला आहे. त्या दिवशी मात्र रंगली.

काकू पोळपाटावर काहीतरी लाटत होत्या. त्या थांबल्या. थोडा वेळ पोरांच्या हातांकडे बघत राहिल्या आणि पदराला हात पुसत मोबाइलसमोरून बाजूला गेल्या. गाणं संपेपर्यंत परत आल्या नाहीत. मग काकांनी पातेल्यातलं काहीतरी चाखलं. सॅमू गेल्यापासून चवसुद्धा तेच बघायचे, काकू "तुमीच बगा" म्हणायच्या. आम्हाला म्हणाले, "ठेवतो आता. तिच्याकडं जातो."

*

त्या शहरात डोंगरावर येशूचा प्रचंड पुतळा आहे, दोन्ही हात पसरलेला. वर जायला दोरावरून सरकणारा पाळणा आहे. काकू आपण होऊन कुठे जायचं म्हणत नसत, पण तिथे जायचंय म्हणाल्या. काकांनी विचारलं, कशाला? त्या म्हणाल्या, "मला त्येला एक विचारायचंय."

काय विचारायचंय ते काकांना माहीत होतं. आम्हालाही माहीत आहे. सॅमू गेल्यापासून ते आमच्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येऊन गेलंय.

दोघं वर गेले. काका मुद्दाम लांब, रेलिंगपाशी थांबले. काकू पुतळ्याच्या पायाशी मान वर करून उभ्या राहिल्या. वारा होता, पदर उडत होता. बऱ्याच वेळाने त्या परत आल्या.

काकांनी विचारलं, "विचारलंस?"

"न्हाय," काकू म्हणाल्या. "लई उंच हाय. ऐकू गेलं नसतं."

हा किस्सा काकांनी चहाच्या वेळी सांगितला तेव्हा पाळकसाहेबही होते. मला वाटलं, आता उपदेश होणार. त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्मा पुसत बसले. तो चष्मा माझ्याच दुकानातला आहे, त्याच्यावर धूळ नव्हती.

*

ऑगस्टमध्ये दोघं परत आले. स्टेशनवर आम्ही हार नेले. चर्चा अखेर तशी मिटली होती. काकू पहिल्यासारख्याच गप्प वाटल्या. रेखा कानात म्हणाली, "काही फरक नाही गं बाई." मी बाई नाही, पण ती वाईट वाटलं की कुणालाही तसंच म्हणते.

आठवडाभरात आमच्या गल्लीतल्या मुमताजआपांचे यजमान गेले. ट्रान्सपोर्टमध्ये कामाला, साधा, भला माणूस. सकाळची वेळ. आम्ही पुरुष बाहेर खुर्च्या मांडत होतो. आपा आत भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी नाही, कुणाशी बोलणं नाही. त्यांच्या सुनेने पाण्याचा पेला पुढे केला, तो तसाच राहिला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काकू दिसल्या. हातात डबा.

मी खुर्ची हातात धरून तसाच उभा राहिलो. आम्ही सगळेच. मग बाजूला झालो. काकू आत गेल्या, आपांच्या शेजारी बसल्या, भाकरी मोडली, घास त्यांच्या तळहातावर ठेवला.

आपांनी घासाकडे बघितलं, मग काकूंकडे. "शालन, तू आयी?" एवढंच म्हणाल्या, आणि मग ज्या रडल्या, ते बाहेर आम्हाला ऐकवेना. पण घास खाल्ला त्यांनी.

रात्री झोपताना रेखाने मला विचारलं, काकू परत कशा जायला लागल्या, तेच दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनी खजिनदारांना. कुणालाच काही माहीत नाही. शेवटी बुधवारच्या चहाला रेखाने थेट काकूंनाच विचारलं, "काकू, तिकडे काय झालं हो?"

काकू म्हणाल्या, "त्येंलाच विचार." आणि कप विसळायला उठून गेल्या.

*

तर हे काकांनी सांगितलं ते.

त्यांच्या खोलीसमोर रस्त्यापलीकडे एक घर होतं. एक दिवस काकूंचं लक्ष गेलं, की त्या घराच्या दारावर काळी फीत लावलेली आहे. रोसाला विचारलं. ती म्हणाली, त्या घरात माणूस गेलं की अशी फीत लावतात.

काकू खोलीवर आल्या. खिडकीतून त्या दाराकडे बघत राहिल्या. कुणी येत नव्हतं, जात नव्हतं. काकांना म्हणाल्या, "अवो, माणूस गेलंय आन एक माणूस न्हाय दारात."

थोड्या वेळाने बेसनाची पिशवी उघडल्याचा आवाज आला. ज्वारी नव्हती, म्हणून मक्याच्या पिठाची भाकरी. "ती थापाय लागली, तवा मी भाइर जाऊन बसलो," काका म्हणाले. "म्हणलं, मी हितं दिसलो तर थांबल."

दार एका म्हातारीने उघडलं. दोन वेण्या, घेरदार झगा. घरात ती एकटीच. काकू आत गेल्या, तिला बसवलं, शेजारी बसल्या आणि तिच्या हातावर घास ठेवला. म्हातारी कितीतरी वेळ त्या घासाकडे बघत होती. मग तिने तो खाल्ला. मग सगळी भाकरी खाल्ली. काका दारात उभे होते, त्यांच्याकडे बघून तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी रोसाकडून कळलं, की म्हातारीचा नवरा जाऊन कितीतरी महिने झाले होते, नाताळच्याही आधीची गोष्ट. तिकडे फीत वर्षभर दारावर ठेवतात.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुनं दुःख, आणि आपण आज डबा घेऊन गेलो! रोसाला म्हणाल्या, "तिला सांग, आमाला ठावं नव्हतं. माफ कर म्हणावं."

रोसा सांगून आली. म्हणाली, "ती म्हणते, सगळे पहिल्या आठवड्यात येऊन गेले. त्यानंतर तुम्हीच." मग जरा थांबून म्हणाली, "तिने मला विचारलं, या बाईचं कोण गेलंय? मी सांगितलं तुमच्या मुलाचं." ते तिला काकांनीच मागे सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी म्हातारी यांच्या दारात उभी. हातात काकूंचाच डबा. काकांना वाटलं, परत करायला आली. ते घ्यायला पुढे झाले, तर तिने त्यांना हाताने बाजूला सारलं, सरळ आत आली आणि खाटेवर काकूंच्या शेजारी बसली.

डब्यात बटाट्याचं सूप होतं, झग्याच्या खिशात पाव. तिने पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला, काकूंच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं आपल्या हाताने मिटली. बोलली काहीच नाही. तशीच बसून राहिली.

"मी खिडकीकडं तोंड केलं," काका म्हणाले. "लई वेळ केलं."

मग मागून काकूंचा आवाज आला.

"मीठ कमी हाय."